जुना प्रोसेसर, कोणता मदरबोर्ड? – एलजीए ११५५ सॉकेटच्या निमित्ताने एक आढावा

डेस्कटॉप संगणकात सहसा प्रोसेसर शेवटपर्यंत टिकतो आणि मदरबोर्ड आधी जातो. प्रोसेसर म्हणजे बंद आवरणातला सिलिकॉनचा तुकडा. त्याला नियंत्रित वीज मिळते आणि त्याच्या आत सुकणारे किंवा गंजणारे फारसे काही नसते. मदरबोर्डावर मात्र कपॅसिटर, कॉइल, मॉसफेट, रॅमचे स्लॉट, डझनावारी जोडण्या आणि शेकडो नाजूक पिनांचे सॉकेट असते. उष्णता, धूळ, दमट हवा आणि विजेचे चढउतार हे सगळे आधी त्याच्याच वाट्याला येते. त्यामुळे प्रोसेसर शाबूत, बोर्ड मेलेला अशी जोडी दुरुस्तीच्या दुकानात नेहमी दिसते. अशा प्रोसेसरसाठी भरवशाचा बोर्ड कोणता, यावर तंत्रज्ञ आणि ग्राहक यांच्यात अजून एकमत नाही. इंटेलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर ज्या सॉकेटवर बसतात, ते एलजीए ११५५ या वादाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. हे प्रोसेसर आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत, त्यांचे मूळ बोर्ड मात्र बाजारातून कधीच गेले.

पार्श्वभूमी

२००४ मध्ये इंटेलने एलजीए ७७५ सॉकेट आणले आणि पिना प्रोसेसरवरून बोर्डावर आल्या. त्याआधी पिन वाकली तर प्रोसेसरचे नुकसान होई, त्यानंतर ते बोर्डाचे होऊ लागले. हे सॉकेट बरीच वर्षे चालले. पुढची सॉकेटे मात्र साधारण दोन वर्षांच्या अंतराने बदलत गेली: २००९ मध्ये ११५६, २०११ मध्ये ११५५, २०१३ मध्ये ११५०, २०१५ मध्ये ११५१. कूलर बसवण्याच्या छिद्रांतले ७५ मिलिमीटरचे अंतर या चारही सॉकेटांत सारखेच राहिले, प्रोसेसर मात्र एकमेकांत बसत नाहीत. सॉकेट बदलले की मोठ्या कंपन्या जुन्या बोर्डांचे उत्पादन आटोपतात. त्यामुळे चांगल्या अवस्थेतल्या प्रोसेसरलाही काही वर्षांतच नवा बोर्ड मिळेनासा होतो.

एलजीए ११५५चा प्रारंभच अडखळत झाला. जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज, म्हणजे दुसऱ्या पिढीचे कोअर प्रोसेसर आले आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला इंटेलने सहाव्या मालिकेच्या चिपसेटमधला दोष जाहीर केला. साटाची ३ गिगाबिट वेगाची पोर्ट काळाच्या ओघात कमकुवत होण्याची शक्यता होती. ६ गिगाबिटची दोन पोर्ट मात्र निर्दोष होती. सदोष चिपसेट बी२ आवृत्तीचे, सुधारलेले बी३चे. दुरुस्ती आणि बदली यांवर ७० कोटी डॉलर खर्च होईल असा अंदाज तेव्हा कंपनीनेच दिला होता. बहुतेक सदोष बोर्ड परत घेतले गेले, तरी अगदी सुरुवातीच्या काळातला एखादा बोर्ड हाती आलाच तर ही आवृत्ती पाहून घेणे आजही गरजेचे आहे.

त्याच्याही आधीची एक घटना या चर्चेत सतत डोकावते. १९९९ ते २००७ च्या सुमारास तयार झालेल्या असंख्य बोर्डांवर सदोष द्रवाचे ॲल्युमिनियम कपॅसिटर बसवले गेले होते. ते फुगत, फुटत, गळत. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७० आणि जीएक्स२८० या संगणकांवरून हे प्रकरण गाजले. त्यानंतर उत्पादक हळूहळू घन पॉलिमर कपॅसिटरकडे वळले. एलजीए ११५५चा काळ येईपर्यंत प्रोसेसरभोवती तरी घन कपॅसिटर रूढ झाले होते. जुना बोर्ड म्हणजे फुगलेले कपॅसिटर हे समीकरण या पिढीला पूर्वीइतके लागू होत नाही.

बोर्ड बनवणाऱ्या कंपन्यांचे चित्रही बदलले. भारतातल्या असेंबल पीसींमध्ये इंटेलचे स्वतःचे बोर्ड बरेच दिसत. जानेवारी २०१३ मध्ये कंपनीने डेस्कटॉप बोर्डांच्या धंद्यातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि २०१९च्या अखेरीस जुन्या बोर्डांचे बायोस व ड्रायव्हर आपल्या संकेतस्थळावरून काढून टाकले. बोर्ड ठणठणीत असूनही त्याचे अधिकृत बायोस मिळत नाही, ही अडचण तेव्हापासूनची.

कोणत्या चिपसेटवर काय चालते

विश्वासार्हतेच्या आधी सुसंगतीचा प्रश्न येतो. बोर्ड खराब निघाला अशी ज्यांची तक्रार असते, त्यातले काही बोर्ड मुळात त्या प्रोसेसरसाठी तयारच नसतात.

सहाव्या मालिकेत एच६१, एच६७, पी६७, झेड६८ आणि कचेऱ्यांसाठीचे बी६५, क्यू६५, क्यू६७ हे चिपसेट येतात. सातव्या मालिकेतले महत्त्वाचे चिपसेट म्हणजे बी७५, एच७७, झेड७७ आणि क्यू७७. सँडी ब्रिज दोन्ही मालिकांवर चालतो. तिसऱ्या पिढीच्या आयव्ही ब्रिजचे तसे नाही. एच६१वर तो चालण्यासाठी नवे बायोस आणि मॅनेजमेंट इंजिनाची आठवी आवृत्ती लागते. बी६५, क्यू६५ आणि क्यू६७ यांना इंटेलने आयव्ही ब्रिजसाठी अधिकृत मान्यता दिलीच नाही. एच६१ बोर्डावर २०११चे मूळ बायोस असेल आणि ग्राहकाकडे फक्त आय५-३४७० असेल, तर स्क्रीनवर काहीच येत नाही. बायोस अद्ययावत करायला आधी दुसऱ्या पिढीचा एखादा प्रोसेसर उसना आणावा लागतो. या एका कारणाने कितीतरी चांगले बोर्ड मेलेले ठरतात.

एच६१ हा त्या काळातला सर्वांत स्वस्त चिपसेट. त्यावर रॅमचे दोनच स्लॉट असतात, म्हणजे कमाल १६ जीबी. साटा पोर्टही फक्त ३ गिगाबिटची. यूएसबी ३.० चिपसेटमध्ये नाही, हवे असल्यास उत्पादकाला वेगळी चिप बसवावी लागते. बी७५वर एक साटा पोर्ट ६ गिगाबिटचे, यूएसबी ३.०ची चार पोर्ट आणि चार स्लॉट असतील तर ३२ जीबी रॅम मिळते. एसएसडी लावायची असेल तर बी७५चे ते एक वेगवान पोर्ट फार मोलाचे ठरते. पी६७वर डिस्प्लेचे पोर्टच चालत नाही, तिथे वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते. ग्राफिक्स नसलेले झेऑन ई३-१२३० व्ही२सारखे प्रोसेसर वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

रॅमच्या बाबतीत एक सापळा वारंवार आढळतो. बाजारात स्वस्तात मिळणारी काही डीडीआर३ मॉड्यूल फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, कारण त्यांच्या चिपांची रचना इंटेलचा मेमरी कंट्रोलर ओळखत नाही. असे मॉड्यूल लावून बोर्ड सुरू झाला नाही की दोष बोर्डावर येतो.

बोर्ड नेमका कुठे खराब होतो

पहिली जागा म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारे मंडळ, ज्याला तंत्रज्ञ व्हीआरएम म्हणतात. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट ते साधारण एक व्होल्टवर आणते. ७७ वॉट रेटिंगच्या आय७-३७७०ला १.१ व्होल्टच्या आसपास वीज मिळते असे धरले, तर पूर्ण भारात सुमारे ७० अँपिअर प्रवाह या मंडळातून जातो. घरातल्या एअर कंडिशनरच्या प्रवाहाशी तुलना केली तर हा आकडा किती मोठा आहे ते कळते, आणि तो वाहतो बोटभर जागेतून. स्वस्त एच६१ बोर्डांवर यासाठी तीन टप्पे असतात आणि मॉसफेटवर हीटसिंक बहुधा नसतो. तरीही हे मंडळ बहुतेक वेळा तग धरते, कारण एच६१वर प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवता येत नाही आणि विजेची मागणी ठरावीक मर्यादेतच राहते.

एएमडीच्या एएम३+ सॉकेटवर चित्र वेगळे आहे. एफएक्स-८३५०ची मर्यादा १२५ वॉट, तर एफएक्स-९५९०ची तब्बल २२० वॉट. चार टप्प्यांच्या, हीटसिंक नसलेल्या साध्या बोर्डावर १२५ वॉटचा प्रोसेसर बसतो, सुरूही होतो, पण भार वाढताच मॉसफेट तापून वेग उतरतो. अनेक स्वस्त बोर्डांच्या अधिकृत यादीत ९५ वॉटपर्यंतचेच प्रोसेसर दिलेले असतात आणि ही यादी खरेदीआधी वाचणारे विरळा. इथे एकच गोष्ट ग्राहकाच्या बाजूची आहे. एएमडीच्या पिना प्रोसेसरवर असल्याने बोर्डाचे सॉकेट सहसा शाबूत राहते.

दुसरी जागा कपॅसिटरची. द्रव असलेल्या कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास चालावा. रोज दहा तास आणि वर्षाला तीनशे दिवस या हिशोबाने ती जवळजवळ अकरा वर्षे होतात. म्हणजे २०१२च्या सुमाराचे असे कपॅसिटर आता आयुष्याच्या टोकाशी आले आहेत. घन पॉलिमर कपॅसिटरसाठी नियम जास्त अनुकूल आहे, त्यात २० अंशांना दसपट धरतात. तेच २,००० तास ६५ अंशांवर दोन लाख तासांपर्यंत जातात. प्रोसेसरभोवती घन आणि ध्वनी किंवा रॅमच्या भागात द्रवाचे कपॅसिटर अशी काटकसर अनेक बोर्डांवर दिसते, म्हणून नजर सगळ्या बोर्डावरून फिरवावी लागते.

तिसरी जागा सॉकेट. पिन जराशी वाकली तरी बोर्ड सुरू होतो, पण रॅमची एक चॅनेल मरते. दोनपैकी एकाच स्लॉटमधली रॅम दिसते असा बोर्ड स्वस्तात मिळत असेल तर आधी संशय पिनांवर घ्यावा.

बाकी दोषांपैकी कितीतरी मुळात दोषच नसतात. सीआर२०३२ ही ३ व्होल्टची बटण बॅटरी संपली की बायोसची मांडणी पुसली जाते, साटाची पद्धत बदलते आणि विंडोज सुरू होत नाही. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काजळी धरते. खोडरबराने पट्ट्या घासून रॅम परत बसवली की संगणक सुरू होतो, ही युक्ती प्रत्येक तंत्रज्ञाला ठाऊक असते. बायोसची चिप बिघडली तर सीएच३४१ए नावाच्या स्वस्त प्रोग्रामरने ती पुन्हा लिहिता येते. ही तपासणी झाल्याशिवाय जुना बोर्ड मेला असे मानण्यात अर्थ नसतो.

प्रचलित मते

पहिले मत असे की त्या काळातल्या नामांकित कंपनीचा वापरलेला बोर्डच घ्यावा. ॲसुस, गिगाबाइट, एमएसआय, ॲसरॉक यांच्या बी७५, एच७७ किंवा झेड७७ बोर्डांची रचना विचारपूर्वक केलेली होती, त्यांचे बायोस अजून बहुतांशी उपलब्ध आहे आणि दहा-बारा वर्षे चाललेला बोर्ड उत्पादनातल्या दोषांच्या चाळणीतून आधीच पार पडलेला असतो. या मताची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. त्या बोर्डाने ही वर्षे कुठे काढली, वातानुकूलित कचेरीत की स्टॅबिलायझरशिवाय चालणाऱ्या सायबर कॅफेत, ते विकणारा सांगत नाही आणि बहुधा त्यालाही माहीत नसते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की दिल्लीचे नेहरू प्लेस, वापरलेल्या बोर्डावर मिळते ती बहुधा थोड्या दिवसांची टेस्टिंग वॉरंटी.

दुसरे मत नव्याने बनलेल्या बोर्डांच्या बाजूचे. इंटेलने एच६१ बंद करून कितीतरी वर्षे झाली, तरी या चिपसेटचे कोरे बोर्ड आजही विकले जातात, काही चिनी नावांनी तर काही झेब्रॉनिक्ससारख्या भारतीय ब्रँडखाली. त्यांची सर्किटची पाटी नवी असते आणि कपॅसिटर नवे असतात. अनेकांवर एम.२ स्लॉट असतो आणि एनव्हीएमई एसएसडीवरून विंडोज सुरू करता येते, जे मूळ काळातल्या एच६१वर शक्य नव्हते. हा फायदा दिखाऊ नाही. एच६१च्या साटा पोर्टवर जास्तीत जास्त सेकंदाला ३०० मेगाबाइट जातात, तर त्याच्या पीसीआय एक्सप्रेस २.०च्या चार लेनवर तत्त्वतः २,००० पर्यंत. त्यात पक्के बिल आणि काही काळाची वॉरंटीही मिळते.

आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. या प्रकारच्या बोर्डांवर जुन्या बोर्डांवरून काढलेल्या चिपसेटचा वापर सर्रास होतो. एलजीए २०११साठीच्या चिनी एक्स७९ बोर्डांमध्ये तर नाव एक्स७९ आणि प्रत्यक्षात चिपसेट एच६१, बी७५ किंवा क्यू७७ असा प्रकार सर्वज्ञात आहे. शिवाय व्हीआरएममध्ये काटकसर असते, पंख्याचा वेग आणि झोपेतून जागे होणे यांसारख्या गोष्टी बायोसमध्ये नीट चालत नाहीत आणि बायोसची पुढची आवृत्ती मिळेल याची शाश्वती नसते. आय३ किंवा ६५ वॉटच्या आय५साठी हे बोर्ड पुरतात, असे त्यांचे समर्थकही म्हणतात. ९५ वॉटच्या आय७-२६००साठी त्यांची शिफारस करणारे मात्र क्वचितच भेटतात.

तिसरे मत कंपन्यांच्या जुन्या संगणकांकडे वळते. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, एचपी कॉम्पॅक एलिट ८३००, लेनोवो थिंकसेंटर एम९२पी अशी यंत्रे लीज संपल्यावर घाऊक भावात बाजारात येतात. त्यांचे क्यू७७ बोर्ड कचेरीतल्या दिवसभराच्या कामासाठी बनवलेले असतात आणि त्यांचे बायोस कंपन्यांनी बरीच वर्षे सुधारत ठेवले. अडचण येते ती फक्त बोर्ड घेतला तर. समोरच्या बटणाच्या वायरी, पंख्याची जोडणी, कॅबिनेटच्या स्क्रूंच्या जागा यांत कंपनीचे स्वतःचे प्रमाण असते. पुढच्या हॅसवेल पिढीत तर डेल आणि लेनोवोने नेहमीचे २४ पिनांचे वीज कनेक्टरही अनेक यंत्रांत सोडून दिले. म्हणून या मताचे लोक सांगतात की बोर्ड घेऊ नका, आख्खे यंत्र घ्या आणि त्यात आपला प्रोसेसर आणि रॅम घाला. हा सल्ला व्यवहाराला धरून आहे, कारण अशा यंत्राची किंमत कधी कधी सुट्या नामांकित बोर्डाच्या जवळपासच असते.

चौथ्या मताला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. इतक्या जुन्या प्रोसेसरवर पैसे घालण्याऐवजी एएम४सारखे अलीकडचे, पण स्वस्त झालेले सॉकेट निवडावे, असे ते म्हणतात. सुरक्षेचा मुद्दा त्यांच्या बाजूचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटी उघड झाल्या. त्यावर इंटेलने सँडी ब्रिजपर्यंतच्या प्रोसेसरसाठी मायक्रोकोड दिला, पण कोअर २ काळातले बरेचसे प्रोसेसर वाऱ्यावर सोडले. ज्यांना मिळाला त्यांतही बोर्डाचे बायोस अद्ययावत झाले नसल्याने बहुतेकांना तो ऑपरेटिंग सिस्टीममार्फतच मिळतो. विंडोज ११च्या यादीत इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर जवळजवळ नाहीतच आणि विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. दुसरी बाजू अशी की लिनक्सवर, शाळेच्या प्रयोगशाळेत, दुकानाच्या बिलिंगवर किंवा जुन्याच सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या एखाद्या यंत्रासाठी नवे सॉकेट म्हणजे बोर्ड, प्रोसेसर, रॅम असा तिहेरी खर्च, आणि प्रत्येकाला तो झेपतो असे नाही.

काय अनिर्णित आहे

या वादाला ठोस आकडेवारीचा आधार जवळजवळ नाही. फ्रान्समधल्या हार्डवेअर डॉट एफआर या संकेतस्थळाने एका मोठ्या विक्रेत्याकडे परत येणाऱ्या सुट्या भागांचे प्रमाण अनेक वर्षे प्रसिद्ध केले. त्यात मोठ्या ब्रँडांच्या बोर्डांचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांच्या आसपास असे आणि ब्रँडाब्रँडांतला फरक फार मोठा नसे. पण ही नोंद विक्रीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांची होती. दहा वर्षांनी कोणता बोर्ड टिकतो, याविषयी ती काही सांगत नाही. अमुक कंपनीचा बोर्ड टिकाऊ, तमुकचा कच्चा ही बाजारातली ठाम मते त्यामुळे बहुतांशी दुकानदाराच्या आठवणीवर उभी आहेत. आठवणीत खराब झालेले बोर्ड राहतात, मुकाट चालणारे राहत नाहीत.

पुन्हा बसवलेल्या चिपसेटचे आयुष्य हाही खुला प्रश्न आहे. एकदा तापवून काढलेली आणि नव्या सोल्डर गोळ्यांवर बसवलेली चिप किती वर्षे धरते, हे काम कोणत्या कारखान्यात, कोणत्या काळजीने झाले यावर ठरते आणि ते खोक्यावर छापलेले नसते. एच६१वरच्या एनव्हीएमईसाठी बदललेल्या बायोसची सुरक्षा कुणी तपासली, याचेही उत्तर मिळत नाही. ई-कचऱ्याच्या बाजूने पाहता जुना बोर्ड वापरात ठेवणे हिताचे वाटते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्ती करून पुन्हा विकणाऱ्यांना स्वतंत्र स्थान दिले आहे. परंतु अशा विक्रेत्याने बोर्डाची कोणती चाचणी घ्यावी, याचा सर्वमान्य मापदंड ग्राहकापर्यंत पोहोचलेला नाही.

निवडीचा क्रम

उपलब्ध पुराव्यावरून एवढे म्हणता येते की या पिढीत ब्रँडपेक्षा हातातल्या त्या एका बोर्डाची अवस्था जास्त बोलते. तिसऱ्या पिढीच्या आय५ किंवा आय७साठी पहिली पसंती सातव्या मालिकेचा नामांकित बोर्ड, शक्यतो बी७५ किंवा एच७७. त्याचे सॉकेट भिंगाखाली पाहिलेले असावे, सगळ्या रॅम स्लॉटमध्ये मॉड्यूल लावून मेमटेस्ट८६ची किमान एक फेरी पूर्ण करावी, सीपीयू-झेडमध्ये चिपसेटचे नाव आणि दुहेरी चॅनेल दिसावी, आणि अर्धा तास पूर्ण भार देऊन संगणक बंद पडतो का ते पाहावे. एवढे करायला विक्रेता तयार नसेल तर बोर्ड कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. सगळ्याच जोडण्या जुन्या झाल्या असतील, कॅबिनेट आणि पॉवर सप्लायही थकलेले असतील, तर लीजवरून आलेले आख्खे यंत्र बोर्डापेक्षा शहाणपणाचे. नवा एच६१ बोर्ड आय३ आणि ६५ वॉटपर्यंतच्या प्रोसेसरसाठी, पक्क्या बिलावर आणि जवळच्या दुकानातून घेतलेला चांगला. पॉवर सप्लाय जुनाच ठेवून नवा बोर्ड लावणे सर्वांत महागात पडते, कारण द्रवाचे कपॅसिटर त्याच्यातही असतात आणि तेही तितक्याच वर्षांचे असतात.

एलजीए ७७५ आणि त्याआधीच्या प्रोसेसरसाठी बोर्ड शोधण्यात आता राम उरलेला नाही. त्या बोर्डांवर द्रवाचे कपॅसिटर जास्त असतात आणि त्यांचे प्रोसेसर इतके स्वस्त झाले आहेत की प्रोसेसर वाचवण्यासाठी बोर्ड घेणे हा हिशोबच उलटा पडतो. अपवाद एकच: ज्या कारखान्यातल्या यंत्राला जुन्या पीसीआय स्लॉटमधले विशिष्ट कार्ड लागते तिथे. अशा ठिकाणी एकाऐवजी दोन बोर्ड घेऊन ठेवावेत.